स्लोप रेटिंगमध्ये उतार नसतो: ‘गुणवत्ता’ मोजण्याबद्दल थोडं

गोंडपिपरीत बसून गोल्फवर लिहितोय म्हटल्यावर हसाल. पण पेट पास होऊन सिनॉप्सिसला बसलात की पहिली अडचण येते ती याच जातीची. शीर्षकात ‘गुणवत्ता’, ‘परिणामकारकता’ असा भारदस्त शब्द असतो आणि तो मोजायचा कसा हे ठरलेलंच नसतं. ते ठरवणं म्हणजे कार्यात्मक व्याख्या. ती चुकली तर तीन वर्षं भलतंच मोजण्यात जातात.

समजा विषय आहे ‘डोंगराळ जमिनीवरील गोल्फ मैदानाच्या रचनेची गुणवत्ता’. नमुन्याला पुण्याजवळच्या टेकड्यांतलं ऑक्सफर्ड, तुलनेला येरवड्याचं पूना क्लबचं मैदान. पहिला फटका जिथून मारतात ती टी, मधला गवताचा पट्टा फेअरवे, शेवटी जिथे चेंडू खळग्यात घालायचा ते ग्रीन. टी ते ग्रीन मिळून एक होल, असे १८.

शोधायला गेलं की तयार आकडा हाती लागतो: स्लोप रेटिंग. ५५ ते १५५ अशी मोजपट्टी, ११३ हे प्रमाण. स्लोप म्हणजे उतार, झालं काम! तसं नाही. निष्णात खेळाडूच्या तुलनेत बेताच्या खेळाडूला मैदान किती जास्त जड जातं, एवढंच तो आकडा सांगतो. सपाट मैदानावर तळी आणि झाडी भरपूर असली तरी तो चढू शकतो. आणि अवघड म्हणजे चांगलं असंही नाही. ग्रीनसमोर तळं खोदून अवघड कुणीही करेल.

मग व्याख्या कुठून आणायची? जुन्या जाणकारांकडून. ॲलिस्टर मॅकेंझी हा पेशाने डॉक्टर. बॉबी जोन्सबरोबर त्याने अमेरिकेतलं ऑगस्टा नॅशनल रचलं, ते १९३३ मध्ये सुरू झालं. १९२० च्या पुस्तकात त्याने चांगल्या मैदानाच्या अटी दिल्या आहेत. जमिनीला चढउतार हवा, पण खेळाडूला डोंगर चढायला लावू नये. ग्रीनकडे मारताना लक्ष्य शक्यतो दिसावं. एक ग्रीन सोडून पुढच्या टीपर्यंत फार चालावं लागू नये. ऑगस्टा टीव्हीवर सपाट वाटतं, पण तिथे दहाव्या होलला जमीन सुमारे ३० मीटर खाली उतरते.

गंमत म्हणजे या तिन्ही अटी मोजता येतात. एसआरटीएमचा उंचीचा डेटा फुकट आहे, क्यूजीआयएसही फुकट. दोन होलमधली चाल आणि चढ बेरजेने निघतो. लक्ष्य दिसतं की नाही हे व्ह्यूशेडने, फटका मारतो त्या जागी डोळ्याची उंची १.६ मीटर धरून.

इथे मात्र थांबा. त्या डेटातला एक चौकोन ३० बाय ३० मीटर, म्हणजे ९०० चौरस मीटर. ग्रीन साधारण ५००-६०० चौरस मीटरचं. अख्खं ग्रीन एका चौकोनात मावतं, त्यामुळे त्याचा उतार त्यातून निघणारच नाही. तिथे टोटल स्टेशन घेऊन जावंच लागेल. शिवाय हा डेटा फेब्रुवारी २००० चा. नंतर बांधलेल्या मैदानावर हलवलेली माती त्यात दिसत नाही. आणि दाट झाडीत तो जमीन नव्हे, बऱ्याच अंशी झाडांचा माथा मोजतो. आपल्याच तालुक्याचा नकाशा उघडून बघा: सागवनाच्या कडेला, शेत संपतं तिथे, नसलेलं टेकाड दिसेल.

उरतं ते खेळण्यातलं सुख. ते माणसांनाच विचारावं लागतं, आणि कुणाला विचारलं यावर उत्तर बदलतं. मासिकांच्या क्रमवारीत बहुतेक चांगले खेळाडूच गुण देतात. तुमच्या नमुन्यात साठीतला पायी खेळणारा हवा, अठरा होल पिशवी वाहणारा कॅडी हवा. उतारावरचं पावसाचं पाणी ज्याच्या बांधात शिरतं तो खालचा शेतकरीही मी घेईन. त्याला स्कोअर माहीत नसतो, पण पाण्याची वाट नीट काढली आहे की नाही हे त्याच्याइतकं कुणाला कळत नाही.