परिचर्येची उतरंड आणि रायगडचा किनारा

रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाच्या चोवीस तासांपैकी डॉक्टरांच्या सान्निध्यात जाणारा वेळ थोडा असतो आणि उरलेला जवळजवळ सर्व काळ त्याच्यावर परिचर्या विभागाची देखरेख असते, तरीही सार्वजनिक आरोग्याच्या चर्चेत हा विभाग आतून कसा बांधलेला आहे, त्यात आदेश कोण देते आणि उत्तरदायित्व कोणाकडे असते, यांचा विचार क्वचितच होतो. रेवस-मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंतच्या किनारपट्टीवर, जिथे अलिबागचे जिल्हा रुग्णालय एका टोकाशी आहे आणि मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन येथील लहान रुग्णालये खाड्या आणि घाटवळणांपलीकडे विखुरलेली आहेत, तिथे या बांधणीवर रुग्णाचा जीव अवलंबून असतो.

या बांधणीचे मूळ फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सुरू केलेल्या प्रशिक्षण शाळेत आहे. परिचारिकांची शिस्त, नेमणूक आणि प्रशिक्षण हे प्रशिक्षित परिचारिकेच्याच हाती असावे, हे तत्त्व तेथे रुजले आणि मेट्रन हे पद रुग्णालयाच्या प्रशासनाचा स्वतंत्र खांब बनले. मुंबईत कामा रुग्णालय १८८६ मध्ये उघडले आणि १८९१ मध्ये बाई काशीबाई गणपत यांनी परिचर्येचे प्रशिक्षण घेण्यास प्रारंभ केला. पुढे १९२८ ते १९४७ या काळात कामा रुग्णालयाच्या अधीक्षक राहिलेल्या, बेने इस्रायली ज्यू समाजातील डॉ. जेरुशा झिराड यांचे आडनाव अलिबाग तालुक्यातील झिराड गावावरून आलेले आहे. या किनाऱ्याच्या बेने इस्रायली समाजाचा मुंबईच्या स्त्रीआरोग्याशी असलेला हा संबंध अभ्यासकांनी अधिक तपासावा असा आहे. व्यवसायाला कायद्याची चौकट मिळाली ती १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याने आणि राज्यात १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाने.

शासकीय रुग्णालयातील उतरंड वरून खाली पाहिली तर सर्वोच्च स्थानी अधिसेविका, म्हणजे मेट्रन, असते. तिच्या मदतीस सहाय्यक अधिसेविका, प्रत्येक कक्षाची प्रमुख म्हणून परिसेविका, जिला रुग्णालयात सर्वजण इनचार्ज सिस्टर म्हणतात, आणि प्रत्यक्ष खाटेशी काम करणारी अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स, अशी ही साखळी आहे. पुरुष कर्मचाऱ्यांना अधिपरिचारक म्हटले जाते आणि रुग्ण त्यांना ब्रदर म्हणून हाक मारतात. प्रशिक्षण शाळेत शिकवणारी पाठ्यनिर्देशिका या साखळीला समांतर उभी असते, तर कक्षसेवक, आया आणि सफाई कर्मचारी यांची पदे परिचर्येच्या संवर्गात येत नसली तरी त्यांचे रोजचे काम परिसेविकेच्याच नजरेखाली चालते.

या साखळीचा खरा भार मधल्या कडीवर, म्हणजे परिसेविकेवर असतो. पाळीपत्रक तीच लावते. औषधे आणि साहित्य यांचे मागणीपत्र, म्हणजे इंडेंट, तिच्या सहीने जाते. चादरींपासून ऑक्सिजनच्या सिलिंडरपर्यंतचा साठा तिच्या नावावर असतो आणि डॉक्टरांच्या राउंडमध्ये रुग्णाची रात्रीची हकिगत तिला सांगता यावी लागते. पाळी बदलताना जाणारी परिचारिका येणारीला प्रत्येक खाटेची स्थिती, चालू सलाईन, राहिलेल्या तपासण्या आणि द्यावयाची औषधे सांगते. याला ओव्हर देणे म्हणतात, आणि ते नीट झाले की नाही याची जबाबदारीही परिसेविकेची असते. एवढी कामे सांभाळून नव्या परिचारिकांना घडवणारी ही व्यक्ती बढतीने मिळालेल्या अनुभवाच्या बळावर उभी असते, तिला व्यवस्थापनाचे पद्धतशीर शिक्षण क्वचितच मिळते, आणि ही उणीव गंभीर मानली पाहिजे.

मनुष्यबळाचे गणित सोपे दिसते, पण फसवे आहे. परिचर्या परिषदेच्या मानकानुसार सर्वसाधारण रुग्णालयात पाच खाटांमागे एक आणि अध्यापन रुग्णालयात तीन खाटांमागे एक परिचारिका असावी, आणि त्यावर रजा राखीव म्हणून ३० टक्के पदे धरावीत. हा आकडा एका पाळीचा नसून सर्व पाळ्यांचा मिळून असतो. ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयास म्हणजे ६ आणि राखीव धरून साधारण ८ परिचारिका मिळतात. प्रत्येक पाळीत केवळ दोघी ठेवायच्या म्हटल्या तरी आठवड्याच्या २१ पाळ्यांना ४२ उपस्थिती लागतात, आणि प्रत्येकीला एक सुटी दिली तर त्यासाठीच सात जणी हव्यात. एक पद रिक्त असले आणि एक परिचारिका प्रसूतिरजेवर गेली की रात्रपाळीला प्रसूतिकक्ष, अपघात विभाग आणि आंतररुग्ण कक्ष एकटीने सांभाळण्याची वेळ येते.

रायगडमध्ये या एकटेपणाला भूगोलाची जोड आहे. श्रीवर्धनहून अलिबागला यायचे तर खाडी फेरीने ओलांडावी लागते किंवा रस्त्याने मोठा वळसा घ्यावा लागतो, आणि अलिबागहून मुंबईला रुग्ण रस्त्याने हलवायचा तर वडखळ-पेणमार्गे जावे लागते. रक्तस्राव होणाऱ्या मातेबरोबर रुग्णवाहिकेत परिचारिका गेली की मागे राहिलेल्या कक्षाचे काय, याचे उत्तर मानकांच्या तक्त्यात नाही. याच जिल्ह्यातील महाड परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्रॅझोसिन या औषधाची उपयुक्तता सिद्ध केली. त्या उपचारात दर तीन तासांनी मात्रा देणे आणि हातपाय उबदार होईपर्यंत रुग्णाची नाडी, रक्तदाब व श्वास पाहत राहणे आवश्यक असते. असे निरीक्षण रात्रभर करणारे हात बहुतांशी परिचारिकेचेच असतात, म्हणून रात्रीची उपस्थिती हा उपचाराचाच भाग धरला पाहिजे.

लहान रुग्णालयात अधिसेविकेचे पद नसते, आणि परिसेविका रजेवर असेल किंवा तिचे पद रिक्त असेल तर सर्वांत ज्येष्ठ अधिपरिचारिकेकडे प्रभार येतो. तिला पाळीही करावी लागते आणि कारभारही पाहावा लागतो. जबाबदारी वाढते, पण अधिकार आणि वेतन जुनेच राहते. दुसरी गुंतागुंत दोन स्वतंत्र प्रशासनांची आहे. जिल्हा, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अधिपत्याखाली येतात, तर प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रे जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे असतात. उपकेंद्रातील आरोग्य सेविका आणि तिच्यावर देखरेख करणारी आरोग्य सहायिका या दुसऱ्या मार्गावर आहेत. कोळीवाड्यातील गर्भवती उपकेंद्रातून ग्रामीण रुग्णालयात आणि तेथून अलिबागला जाते, पण तिच्यासाठी काम करणाऱ्या परिचारिकांचे वरिष्ठ दोन निरनिराळ्या कार्यालयांत बसतात.

अलिबागला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यानंतर जिल्हा रुग्णालय अध्यापनाशी जोडले गेले. मानकाच्या भाषेत याचा अर्थ असा की ३०० खाटांमागे ६० ऐवजी १०० परिचारिका लागतात, आणि त्याच प्रमाणात परिसेविका व सहाय्यक अधिसेविकाही वाढल्या पाहिजेत. ही पदे कंत्राटी भरतीने भरली तर अनुभवाची शिडी तुटते, कारण अल्पमुदतीच्या नेमणुकीवर आलेली परिचारिका परिसेविकेच्या पदापर्यंत पोहोचतच नाही. मे २०२२ मध्ये राज्यातील शासकीय परिचारिकांनी बाह्यस्रोतातून भरती करण्याच्या धोरणाविरुद्ध संप केला, त्यामागे हीच चिंता होती. २०२३ मध्ये संसदेने १९४७ चा कायदा बाजूला ठेवून राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिसेवा आयोगाचा कायदा केला असला तरी त्याचे लक्ष मुख्यत्वे शिक्षण आणि नोंदणीकडे आहे; पदांची रचना राज्यालाच ठरवायची आहे. किनाऱ्यावरील प्रत्येक ३० खाटांच्या रुग्णालयात रात्रपाळीतून मुक्त असलेली, साठा आणि पाळीपत्रक यांचा पूर्ण अधिकार व त्यानुसार वेतन असलेली एक परिसेविका असावी, आणि तिला उपकेंद्रांतील सेविकांच्या प्रसूतिपूर्व नोंदी नियमितपणे पाहता याव्यात, एवढी तरतूदही आजच्या रचनेत मोठी भर ठरेल.