आजोबांचा रेडिओग्राम पुन्हा गाऊ लागेल

जुन्या लाकडी पेटीत नवे यंत्र बसवणे आता फारसे कठीण राहिलेले नाही. मात्र पेचकस हातात घेण्यापूर्वी काही गोष्टींचा विचार केला नाही, तर पेटीही जाते आणि आठवणीही.

दिवाळीची आवराआवर सुरू झाली, की हॉलच्या कोपऱ्यातल्या त्या लांबलचक पेटीवरून घरात हमखास वाद होतो. मुलगा म्हणतो, "किती वर्षं झाली, बंदच तर आहे. भंगारवाल्याला देऊन टाकू." सुनेला तिथे शोकेस हवे असते. नातवाच्या डोक्यात वेगळीच कल्पना असते. आतले सगळे काढून टाकायचे आणि मोबाइलवर चालणारा मोठा स्पीकर बसवायचा! आजी मात्र काहीच बोलत नाही. पदराने पेटीवरची धूळ पुसते आणि आत निघून जाते.

पुण्या-मुंबईत काय किंवा इंदूर, बडोदे, हैदराबादच्या मराठी घरांत काय, हे दृश्य थोड्याफार फरकाने सारखेच असते. एके काळी मर्फी, फिलिप्स, एच.एम.व्ही. यांचा रेडिओग्राम घरात असणे ही प्रतिष्ठेची बाब होती. एकाच पेटीत रेडिओ, रेकॉर्ड प्लेअर आणि स्पीकर. 1957 साली विविध भारती सुरू झाली आणि या पेटीभोवती सारे घर जमू लागले. पुढे कॅसेट आली, सीडी आली, मोबाइल आला. पेटीवर क्रोशाचा रुमाल आणि फुलदाणी आली.

नातवाची कल्पना वाईट नाही. तळहाताएवढे अँप्लिफायर आज सहज मिळतात. प्रश्न एवढाच, की ते बसवताना जुने किती मोडायचे?

आधी तपासा, मग ठरवा

बंद पडलेला प्रत्येक संच निकामी झालेला असतोच असे नाही. पुष्कळदा एखादा कंडेन्सर किंवा व्हॉल्व्ह बदलला, की तो पुन्हा बोलू लागतो. म्हणून प्रथम जुन्या जाणकार मेकॅनिकला दाखवावे.

पण उत्साहाच्या भरात वर्षानुवर्षे बंद असलेल्या संचाची पिन सरळ भिंतीत खोचू नका. त्यातले कंडेन्सर जुने झालेले असतात, वायरीवरचे रबर तडकलेले असते. थेट वीज दिली तर ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. अनुभवी मेकॅनिक आधी सिरीज बल्ब लावून संच सुरू करतो, तो यासाठीच.

आणखी एक धोका आहे. व्हॉल्व्हच्या संचात दोनशे-अडीचशे व्होल्ट इतका दाब खेळत असतो आणि पिन काढल्यानंतरही तो काही काळ कंडेन्सरमध्ये टिकून राहतो. एसी-डीसी दोन्हींवर चालणाऱ्या काही संचांत तर ट्रान्सफॉर्मरच नसतो. त्यांचा धातूचा सांगाडा थेट घरातल्या विजेला जोडलेला असतो. अशा संचाला मोबाइलची वायर जोडणे म्हणजे प्राणाशी खेळ. मागचे झाकण उघडण्याचे काम घरच्या हौशी मंडळींनी करू नये.

संच ट्रान्सफॉर्मरचा असेल आणि दुरुस्त झाला असेल, तर काहीच कापावे लागत नाही. बऱ्याच संचांच्या मागे 'पिकअप' किंवा 'ग्राम' लिहिलेली जागा असते. मेकॅनिककडून तिथे छोटा ब्लूटूथ रिसीव्हर जोडून घेतला, की मोबाइलमधले गाणे त्याच जुन्या व्हॉल्व्हमधून ऐकू येते.

नवे बसवायचे तर

संच दुरुस्तीपलीकडे गेला असेल, तर नवे यंत्र बसवण्याला पर्याय नाही. मात्र त्यासाठी एक नियम पाळावा: जे काढाल ते फेकू नका आणि जे बसवाल ते पुन्हा काढता येईल असे बसवा. रेडिओचा सांगाडा सहसा चार-सहा स्क्रूंवर बसवलेला असतो. तो तसाच बाहेर काढून खोक्यात भरून ठेवावा. नवे यंत्र प्लायवुडच्या फळीवर बसवून ती फळी त्याच जागी सरकवावी. पेटीला नवे भोक पाडण्याची गरज पडत नाही.

बारा ते चोवीस व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर चालणारे छोटे अँप्लिफायर या कामाला उत्तम. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे लाजपतराय मार्केट, कोलकात्याचा चांदनी चौक, चेन्नईची रिची स्ट्रीट, बंगळूरचा एस. पी. रोड अशा बाजारांत असे सुटे सामान मिळते. ताकदीच्या मोहात मात्र पडू नये. जुन्या रेडिओग्रामचे स्पीकर मोजक्या वॅटसाठी बनवलेले असतात आणि तेवढ्यात ते दिवाणखाना भरून टाकतात. पन्नास वॅटचा जोर दिला, तर जुना कागदी पडदा फाटायला वेळ लागणार नाही.

स्पीकर जोडण्यापूर्वी त्याचे ओहम मोजून घ्यावेत. जुने काही स्पीकर तीन ओहमचे असतात, तर नवी अनेक यंत्रे चार ते आठ ओहमसाठी असतात. शिवाय जुन्या संचात दोन्ही स्पीकरची एक तार बहुधा सामाईक असते. अनेक नव्या अँप्लिफायरना ते चालत नाही, यंत्र जळते. प्रत्येक स्पीकरला दोन स्वतंत्र तारा द्याव्यात.

अ‍ॅडॉप्टरभोवती हवा खेळती राहील अशी जागा ठेवावी. ब्लूटूथचे यंत्र पत्र्याच्या डब्यात कोंडू नये. लाकडातून त्याच्या लहरी सहज बाहेर पडतात, पत्र्यातून नाही.

रेडिओचेही तसेच. भारतात एफ.एम. 1977 साली तेव्हाच्या मद्रासमध्ये सुरू झाले. त्यामुळे त्याआधीच्या देशी संचांत एफ.एम. पट्टा सहसा नसतोच. काही जुन्या जर्मन संचांत तो असतो, पण काटा शंभरावर थांबतो. मुंबईची विविध भारती लागते 102.8 वर! तेव्हा एफ.एम. असलेले नवे यंत्र घेणे शहाणपणाचे.

रेकॉर्ड ऐकायच्या असतील तर

जुन्या सुईखाली चांगली रेकॉर्ड ठेवू नये. झिजलेली सुई रेकॉर्डच्या चऱ्या खरवडते. 78च्या रेकॉर्डला वेगळी सुई लागते आणि एल.पी.ला वेगळी, हेही विसरू नये. नवा टर्नटेबल बसवला आणि त्याचे कार्ट्रिज मॅग्नेटिक असेल, तर मध्ये फोनो प्रीअँप्लिफायर लागतो. नाही तर आवाज अगदी क्षीण येतो. स्पीकर त्याच पेटीत असल्याने त्याचे हादरे सुईपर्यंत पोहोचतात आणि 'घूंऽऽ' असा आवाज सुरू होतो. म्हणून टर्नटेबलखालच्या मूळ स्प्रिंगा काढू नयेत.

लाकूड आणि काच सांभाळा

बहुतेक पेट्यांवर सागाचा किंवा अक्रोडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. सुताराने जोरात पॉलिश पेपर मारला, की खालचे प्लायवुड उघडे पडते. पॉलिश लाखेचे असेल तर स्पिरिटने पुसताच ते विरघळते. किंचित ओलसर मऊ फडके पुरे. स्टेशनांची नावे असलेली डायलची काच मागून मुळीच पुसू नये, अक्षरे कायमची जातात. स्पीकरवरचे कापड बदलायचे असेल, तर तोंडाजवळ धरून फुंकर मारून पाहावी. फुंकर पार गेली, तर आवाजही जाईल.

बटण मात्र जुनेच

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सगळे काही मोबाइलवर चालणारे करून ठेवले, तर नातू खूश होतो. पण ज्या आजीने ही पेटी इतकी वर्षे जपली, तिला ती लावताच येत नाही. म्हणून जुन्याच बटणाने यंत्र सुरू व्हावे आणि त्यानेच आवाज कमी-जास्त व्हावा, अशी जोडणी करून घ्यावी. जुन्या बटणाचे भोक पाव इंचाचे असते आणि नव्या दांड्या बहुधा सहा मिलिमीटरच्या. बारीक पत्र्याची पट्टी घातली, की ते घट्ट बसते. डायलमागे पिवळसर छोटा एल.ई.डी. लावावा. आजीच्या आवडीची गाणी पेन ड्राइव्हमध्ये भरून तो आत कायमचा लावून ठेवावा आणि वीज येताच आपोआप वाजू लागेल असे यंत्र निवडावे.

मग एखाद्या संध्याकाळी, देवापाशी दिवा लावून झाल्यावर, आजी सवयीने पेटीपाशी येईल. बटण फिरवेल. 'टक्' असा आवाज होईल, डायल उजळेल आणि ओळखीचे सूर घरभर पसरतील. आत काय बदलले आहे, हे तिला सांगायची गरजही पडणार नाही.