दुकानाचा प्रोग्राम विंडोजवरही हवा, लिनक्सवरही : टूलकिट कोणते घ्यावे?

नांदेडच्या दुकानात विंडोजचा संगणक आणि लातूरच्या दुकानात लिनक्सचा, असे चित्र आता आपल्या कापड बाजारात नवलाचे राहिलेले नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. विंडोज ११ ला नव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम ही सुरक्षेची सोय लागते. ज्यांचे यंत्र त्यात बसत नाही त्यांनी नवे घ्यावे किंवा जुन्यावर लिनक्स टाकावे. आमच्याकडे नांदेडला नवे यंत्र आले, लातूरला लिनक्स आले. मग बिलाचा व उधारीचा प्रोग्राम दोन्हीकडे चालणारा हवा, आणि भाच्याने तो पायथॉन भाषेत लिहायला घेतला.

कोणी म्हणेल, इंटरनेटवरचा तयार प्रोग्राम घ्या. घ्या की! पण लग्नसराईत दुकानात बस्ता बांधायला पंधरा माणसे बसलेली असतात आणि लाइन जाते, तेव्हा बिल कसे काढायचे? म्हणून प्रोग्राम यंत्रातच असलेला बरा.

आता टूलकिट म्हणजे काय ते पाहू. पडद्यावरची खिडकी, बटण, यादी, रकाना हे प्रोग्राम लिहिणारा शून्यापासून बनवत नाही. शिंपी जसा बटणे, हुक, चेन बाजारातून आणतो, तसे हे सामान तयार मिळते. तेच टूलकिट. एकदा त्यावर प्रोग्राम उभा राहिला की मागाहून ते बदलणे म्हणजे शिवलेला कोट उसवणे. म्हणून निवड आधी करावी, आणि मालकाने स्वतः त्यात लक्ष घालावे.

तऱ्हा मुख्यतः तीन आहेत. डब्ल्यूएक्स-विजेट्स हे १९९२ साली एडिंबरा विद्यापीठात ज्युलियन स्मार्ट यांनी सुरू केले. ते प्रत्येक ठिकाणची स्थानिक बटणे वापरते. त्यामुळे खिडकी परकी वाटत नाही, पण मापे दोन्हीकडे वेगळी पडतात आणि सारे दोनदा तपासावे लागते. दुसरी तऱ्हा आपली बटणे आपणच रंगवणाऱ्यांची. नॉर्वेच्या दोघा तरुणांनी बनवलेले क्यूटी १९९५ साली बाहेर आले. व्हीएलसी प्लेअर त्यावरच उभा आहे. जीटीके मूळचे गिंप या चित्रांच्या प्रोग्रामसाठी निघाले. ते लिनक्सवर घरचे वाटते, विंडोजवर पाहुणे. तिसरी तऱ्हा इलेक्ट्रॉनची, २०१३ पासूनची. ती प्रोग्रामबरोबर अख्खा ब्राउझर आणते. वेबपान बनवायला शिकलेल्या पोरांना ती फार आवडते, पण चार जीबी मेमरीच्या जुन्या यंत्रावर ते ओझे जाणवते.

हे झाले दिसण्याचे आणि वजनाचे. आपली खरी परीक्षा अक्षरांची आहे.

आमचा पूर्वीचा प्रोग्राम युनिकोडच्या आधीच्या एका मराठी फॉन्टवर चालायचा. तो बदलायची वेळ आली तेव्हा उधारीच्या यादीत गिऱ्हाइकांच्या नावांऐवजी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी उरली. रकमा होत्या, नावे नव्हती. वहीवरून सगळे पुन्हा लिहून काढावे लागले, आणि ज्यांची नोंद वहीत नव्हती त्यांचे पैसे त्यांच्या इमानावर सोडावे लागले. तेव्हापासून मी कोणत्याही प्रोग्रामात पहिल्यांदा ‘दुसऱ्या खात्यावर शिल्लक’ असे टाइप करून पाहतो. ऱ्या नीट उमटतो का? मध्येच खोडले तर जोडाक्षर मोडते का? टीके नावाचे एक जुने, सोपे टूलकिट पायथॉनबरोबर फुकट येते. त्याच्या ८.६ आवृत्तीत लिनक्सवर आपली जोडाक्षरे नीट जुळत नाहीत, म्हणून ते आम्ही पहिल्याच दिवशी बाजूला ठेवले.

क्यूटी, जीटीके आणि इलेक्ट्रॉन तिन्ही अक्षरे जुळवण्यासाठी हार्फबझ हे एकच साधन वापरतात. हे नाव वाचून मला गंमत वाटली. ते फारसी ‘हर्फ बाज’ आहे, म्हणजे खुले अक्षर! ओपनटाइप या फॉन्टच्या पद्धतीचेच ते भाषांतर.

उर्दूची गोष्ट आणखी वेगळी. अब्बांच्या काळच्या उधारीची वही उर्दूत आहे, आणि आजही काही नावे आम्ही तशीच ठेवतो. ओळ उजवीकडून चालते, पण तीत लिहिलेली रक्कम किंवा फोन नंबर डावीकडून वाचायचा असतो. क्यूटी आणि जीटीके दोन्हींत सारी खिडकी एका हुकमाने उजवीकडून मांडता येते. मात्र नस्तालीक अक्षर उतरते असल्याने त्याला उंची जास्त लागते. रकान्याची उंची बांधून टाकली तर वरचे नुक्ते कापले जातात.

एक गोष्ट टूलकिट करून देत नाही. ‘कुऱ्हाडे’ मधला ऱ्ह युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो. दिसतो सारखाच, पण एका प्रकारे लिहिलेला दुसऱ्या प्रकारे शोधला तर सापडत नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्याला हे आधीच सांगून ठेवा.

आता परवान्याविषयी. क्यूटी सुरुवातीला पूर्ण मुक्त नव्हते. त्याच कारणाने १९९७ मध्ये जीटीकेवर आधारलेला ग्नोम प्रकल्प उभा राहिला. २००० साली क्यूटी जीपीएल परवान्याखालीही मिळू लागले, २००९ मध्ये त्याहून सैल एलजीपीएलखाली. कंपनीचे मालक बदलत गेले, मध्यंतरी नोकियाही होती. पण १९९८ पासून केडीई या संस्थेबरोबर करार आहे की कंपनीने मुक्त आवृत्ती काढणे थांबवले तर केडीईला ती खुल्या परवान्याखाली सोडता येईल. व्यापाऱ्याला असा लेखी आधार पटतो.

तरी एक फसगत टाळा. पायथॉनमधून क्यूटी वापरायची दोन साधने आहेत. पायक्यूटी जीपीएलखाली किंवा पैसे भरून मिळते, पायसाइड एलजीपीएलखाली. आपल्याच दुकानात वापरायचे असेल तर कोणतेही चालेल. उद्या तोच प्रोग्राम शेजारच्या दुकानदाराला विकायचा आणि त्यातला मजकूर उघड करायचा नसेल, तर पायक्यूटीसाठी पैसे भरावे लागतील. पायसाइडला तशी अट नाही, पण एलजीपीएलच्या स्वतःच्या अटी आहेत, त्या वाचून घ्या. आम्ही पायसाइड घेतले.

बिलाच्या छपाईत थोडे अडले. साध्या थर्मल प्रिंटरच्या पोटात मराठी अक्षरे नसतात, म्हणून बिल चित्रासारखे रंगवून पाठवावे लागते. क्यूटीत पडद्यावर रंगवणारे साधनच कागदावरही रंगवते, त्यामुळे काम एकदाच झाले.

राहिला वखारीतला विंडोज ७ चा संगणक. क्यूटी ६ त्यावर चालत नाही, २०२३ नंतरचे इलेक्ट्रॉनही नाही. क्यूटी ५.१५ चालते, पण एका यंत्रासाठी दोन आवृत्त्या सांभाळायला भाचा तयार नव्हता, आणि मीही आग्रह धरला नाही. ते यंत्र आता जुनी बिले पाहण्यापुरते ठेवले आहे.