मेंदूच्या निरोपावर अडलेलं वासरू

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात संततधार लागली तरी पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली डांगी गाय निवांत चरत असते. तिच्या कातडीतून तेलकट स्राव झिरपतो, त्यामुळे पाणी अंगावर ठरत नाही. त्याहून थक्क करणारी गोष्ट मात्र तिच्या पोटात घडते.

साधारण दर 21 दिवसांनी गाय माजावर येते. बीजांडकोशावर द्रवाने भरलेले बारीक फोड वाढू लागतात. त्यांतला एक इतरांना मागे टाकून 15 ते 18 मिलिमीटरचा होतो. त्यातलं स्त्रीबीज जेमतेम एक दशांश मिलिमीटरचं! वाढता फोड रक्तात इस्ट्रोजेन सोडतो. गाय हंबरते, बळस टाकते. तेच इस्ट्रोजेन मेंदूच्या तळाशी पोहोचतं आणि तिथून अवघ्या 10 अमिनो आम्लांचा एक रेणू, जीएनआरएच, निरोप घेऊन निघतो. तो मिळताच पिट्युटरी ग्रंथी एलएच संप्रेरकाची लाट सोडते, फोड फुटतो, बीज मोकळं होतं. फोडाच्या जागी पीतपिंड तयार होतो आणि गर्भ राखणारं प्रोजेस्टेरॉन बनवू लागतो.

ही लाट उठलीच नाही तर? फोड न फुटता वाढतच राहतो. हीच सिस्ट. मग एखादी गाय वरचेवर माजावर येते, एखादी माज दाखवतच नाही. मालक बीजांडकोशाला दोष देतो, पण गोष्ट बहुधा मेंदूत अडलेली असते. इस्ट्रोजेन पोहोचूनही निरोप निघत नाही.

सिस्ट जास्त दिसते ती भरपूर दूध देणाऱ्या संकरित गाईंत. व्यायल्यावर खाण्यातून मिळते त्याहून अधिक ऊर्जा दुधात जाते, आणि अशा ओढाताणीत निरोप चुकतो. डांगीचं दूध मुळातच कमी. तिची अडचण निराळी. उन्हाळ्यात माळ करपतो, भाताचा पेंढा तेवढा उरतो. गाय रोडावली की मेंदू जीएनआरएचचा पुरवठाच आखडता घेतो आणि फोड पुरते वाढत नाहीत. उपाशी अंगाने वासरू वाढवायचं नाही, हा शरीराचा शहाणा निर्णय असतो.

पूर्वी सिस्ट हाताने दाबून फोडत. त्यात बीजांडकोशाला इजा होई. 1971 साली शास्त्रज्ञ अँड्र्यू शॅली यांच्या चमूने डुकरांच्या मेंदूंतून जीएनआरएचची रचना उलगडली. 1977 साली शॅली आणि याच विषयावर काम करणारे रॉजर गिलमँ यांना नोबेल मिळालं. आज पशुवैद्यक तोच रेणू टोचतात. त्याने उठलेल्या एलएचच्या लाटेमुळे प्रोजेस्टेरॉन बनू लागलं की आठवडाभरात मेंदू पुन्हा इस्ट्रोजेनला दाद देऊ लागतो. अनेक गाई यानंतर गाभण राहतात.

म्हणून व्यायल्यावर 60 दिवसांत माज दिसला नाही किंवा गाय वारंवार उलटली, तर भाकड ठरवून विकण्याआधी पशुवैद्यकाला दाखवा. पेंढ्याला हिरव्या चाऱ्याची आणि खनिज मिश्रणाची जोड द्या. दावणीत काय पडतं, यावरच पुढचं वासरू ठरत असतं.