गाडीत मागे कोण बसलंय?
साखळी प्राणांची : लेखांक ६

ठाण्याजवळच्या काल्हेरला सायरन ऐकू आला की प्रत्येकाची नजर आधी रस्त्याकडे जाते. गोडाऊनमधून बाहेर पडणारे कंटेनर, डोक्यावर मेट्रो-५ चं काम, पुढे कशेळीचा खाडीपूल, पलीकडे बाळकुम. ॲम्ब्युलन्स ठाण्याला पोहोचणार कधी, याचीच चर्चा. मागच्या लेखांकात आपण १०८ या ॲम्ब्युलन्स सेवेची रचना पाहिली. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ च्या प्रजासत्ताकदिनी ९३७ गाड्यांच्या योजनेनं सुरू झाली. त्यातल्या २३३ गाड्या जीवरक्षणाच्या प्रगत साधनांच्या. आज गाड्या बाजूला ठेवू. पेशंटच्या शेजारी कोण बसतं आणि त्याला काय येतं, हा प्रश्न वैद्यकशास्त्रापुढे हट्टानं मांडणाऱ्या डॉक्टरची ही ओळख आहे. नाव, पीटर साफर.

जन्म १९२४, व्हिएन्ना. आई-वडील दोघेही डॉक्टर; आईकडून ज्यू रक्त, म्हणजे नाझी राजवटीत संशयित. सक्तीच्या मजुरीच्या छावणीत काम करावं लागलं. सैन्यभरती टाळण्यासाठी या तरुणानं स्वतःच्या इसबावर क्षयचाचणीचं मलम चोळून कातडी मुद्दाम चिघळवली. युद्धानंतर तो अमेरिकेत गेला आणि भूलतज्ज्ञ झाला. शस्त्रक्रियेच्या टेबलावर श्वास थांबलेल्या माणसाला सांभाळणं हे भूलतज्ज्ञाचं रोजचंच काम. साफरला प्रश्न पडला, हे रस्त्यावर का करता येऊ नये?

तेव्हा बुडालेल्या माणसाला पालथं घालून पाठ दाबायची आणि हात वर उचलायचे, अशी पद्धत सर्वमान्य होती. १९५६-५७ मध्ये बाल्टिमोरला साफरनं ती तपासली. तपासणी कशी, तर डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी स्वेच्छेनं पुढे आले, त्यांना गुंगी देऊन औषधानं सगळे स्नायू लुळे केले आणि श्वास थांबवला. आजच्या कुठल्याही नीतिसमितीनं असा प्रस्ताव दारातूनच परत पाठवला असता. या माणसांना श्वास द्यायला त्यानं मुद्दाम बिगरडॉक्टर आणले : बॉय स्काउट, गृहिणी. मान मागे करून हनुवटी वर उचलली की श्वासमार्ग मोकळा होतो, तोंडानं फुंकलेली हवा पुरते आणि हे शाळकरी पोरालाही जमतं, हे सिद्ध झालं. जुनी पद्धत मात्र उताणी पडली. पुढे १९६० मध्ये बाल्टिमोरच्याच कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छाती दाबण्याची रीत प्रसिद्ध केली. दोन्ही जोडून जे झालं, त्याला आपण सीपीआर म्हणतो.

पुढे पिट्सबर्गला आलेल्या साफरला १९६६ हे वर्ष फार जड गेलं. त्याची शाळकरी मुलगी एलिझाबेथ दम्याच्या झटक्यानं गेली, तेव्हा तो परगावी वैद्यकीय परिषदेत होता. तिचं हृदय पुन्हा चालू झालं होतं, मेंदू नाही. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला पेनसिल्व्हेनियाचे माजी गव्हर्नर डेव्हिड लॉरेन्स पिट्सबर्गच्या सभेत कोसळले. इथेही हृदय परतलं, मेंदू नाही. सतरा दिवसांनी मृत्यू. पिट्सबर्गमध्ये तेव्हा आजाऱ्याला पोलिसांची गाडी उचलून न्यायची आणि मागे त्याच्याजवळ बसायला बहुधा कुणी नसायचं. अमेरिकेत अनेक गावी तर हे काम अंत्यविधीवाल्यांकडे होतं, कारण माणूस आडवा मावेल अशी गाडी त्यांच्याचकडे! एकाच धंद्यात दोन्ही टोकं. यावर वेगळी टिप्पणी नको.

साफरनं १९६७ मध्ये फिलिप हॅलन यांच्या साथीनं पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीत ‘फ्रीडम हाऊस’ ॲम्ब्युलन्स सेवा उभारली. भरती त्याच वस्तीतून. शाळा अर्धवट सोडलेले, बेकार, युद्धावरून परतलेले तरुण. शहराच्या लेखी कामाला नालायक ठरलेल्या या मुलांना सुमारे तीनशे तासांचं शिक्षण दिलं. शरीररचना, श्वासमार्ग, हृदय, प्रसूतीसुद्धा. गाडीतली साधनं कोणती असावीत, हेही साफरनंच ठरवलं. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत धाडसी प्रयोग हाच, बाल्टिमोरचा नव्हे. १९७४ मध्ये नॅन्सी कॅरोलाइन ही तरुण डॉक्टर सेवेची वैद्यकीय प्रमुख झाली. ती या मुलांसोबत गाडीत फिरून शिकवायची. तिनं पुढे लिहिलेलं पाठ्यपुस्तक अमेरिकेतल्या पॅरामेडिकच्या कित्येक पिढ्यांनी वापरलं.

शहरानं मात्र ऑक्टोबर १९७५ मध्ये फ्रीडम हाऊस बंद करून स्वतःची सेवा काढली. जुने कर्मचारी घेतले खरे, पण परीक्षा आणि दुय्यम कामं लावून बहुतेकांना बाहेर पडायला भाग पाडलं. त्यांच्यातले जॉन मून टिकले आणि पुढे त्याच सेवेत सहायक प्रमुख झाले. साफर ऑगस्ट २००३ मध्ये गेला. तीनदा नोबेलसाठी नामांकन, पुरस्कार एकदाही नाही. उत्तरायुष्य त्यानं हृदयाबरोबर मेंदू कसा वाचवायचा, या संशोधनात घालवलं. एलिझाबेथनंतर दुसरं काय करणार होता?

आपल्या १०८ मध्ये पॅरामेडिकऐवजी डॉक्टर असतो, अनेकदा बीएएमएस. ही महाराष्ट्राची जमेची बाजू. पण हृदय थांबल्यावर चार-पाच मिनिटांत मेंदूची हानी सुरू होते आणि तेवढ्या वेळात जुन्या आग्रा रोडवरून डॉक्टर येईल, अशी आशा ठेवण्यात अर्थ नाही. तोवर हजर असतो तो गोडाऊनचा वॉचमन, हमाल, रिक्षावाला. साफरच्या प्रयोगातल्या गृहिणीची जागा काल्हेरात यांची. इथल्या प्रत्येक गोडाऊनमध्ये आग विझवायचा लाल सिलिंडर टांगलेला दिसतो. छाती दाबायला शिकलेला एक माणूस प्रत्येक पाळीत का नसावा?

शिकायचंही फार नाही. माणूस हाकेला ओ देत नाही आणि नीट श्वासही घेत नाही, असं दिसलं की १०८ लावा, फोन स्पीकरवर ठेवा, छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० या वेगानं पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबत राहा. दमलात तर दुसऱ्याला बसवा. साफरच्या क्रमात आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण होतं. २०१० मध्ये हा क्रम बदलून छाती दाबणं पहिलं आलं. न शिकलेल्यानं नुसतं दाबलं तरी चालतं.

उरते ती पोलिसांच्या झंझटीची भीती. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१६ मध्ये मदत करणाऱ्याच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं. अपघातात सद्भावनेनं मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, नाव-पत्ता सांगण्याची सक्तीही नाही. हे कलम पुढच्या आठवड्यात सविस्तर पाहू.