दोन विद्यापीठें आणि एक घर

घर विकत घ्यावयाचें असलें म्हणजे आपण वकिलाकडून कागदपत्रें तपासून घेतों. मुलीचें लग्न ठरवावयाचें तर दहा ठिकाणीं चौकशी करतों. परंतु त्याच घराच्या किंमतीएवढी रक्कम मुलांच्या परदेशांतील शिक्षणावर खर्च करावयाची असतां पुष्कळ सुशिक्षित कुटुंबें विद्यापीठाचें नांव ऐकतांच मान डोलावतात. हें आम्ही दुसऱ्यांस दोष देण्याकरितां लिहीत नाहीं. 2025 च्या चैत्रांत आमच्याच घरीं असा प्रसंग आला, आणि त्या वेळीं मान डोलावणारांत आम्ही सर्वांच्या पुढें होतों. तो प्रसंग जसा घडला तसा येथें सांगतों. ज्यांच्या घरीं असा प्रश्न आज ना उद्यां येणार आहे त्यांस त्याचा कांहीं उपयोग व्हावा, एवढाच हेतु.

आमच्या धाकट्या बंधूंची कन्या स्थापत्य अभियांत्रिकीची पदवीधर आहे. शेवटच्या वर्षीं तिनें एका दुष्काळी तालुक्यांत विहिरींच्या पाण्याची पातळी मोजण्याचें काम केलें होतें, आणि तेव्हांपासून पाणी हा विषय तिच्या मनानें घेतला होता. पुढील शिक्षणाकरितां तिनें कांहीं अर्ज केले. त्यांपैकीं दोन ठिकाणांहून आठ दिवसांच्या अंतरानें प्रवेशाचीं पत्रें आलीं. पहिलें अमेरिकेंतील एका जगप्रसिद्ध खाजगी विद्यापीठाचें होतें. तेथें पाण्याच्या विषयास तिला जागा मिळाली नव्हती. मिळाली होती ती अभियांत्रिकी व्यवस्थापनाच्या दीड वर्षाच्या अभ्यासक्रमास. दुसरें पत्र जर्मनींतील स्टुटगार्ट विद्यापीठाचें. तेथें जलसंपत्तीचें अभियांत्रिकी व व्यवस्थापन हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असून तो इंग्रजींतून शिकवितात.

पहिलें पत्र आलें त्या दिवशीं घरांत पेढे वांटले गेले. दुसरें आलें त्या दिवशीं "बरें झालें, एक हातचें राहिलें," एवढेंच कोणी तरी म्हणालें. थोरल्या बंधूंचें मत स्पष्ट होतें. "नांवाला किंमत असते. त्या विद्यापीठाचा शिक्का बसला कीं जन्मभर पुरेल." आम्हीं त्यांस दुजोरा दिला, इतकेंच नव्हे तर दोन स्नेह्यांस दूरध्वनि करून ती अमेरिकेस जाणार असल्याचें सांगूनही टाकलें. स्टुटगार्ट हें नांव शेजाऱ्यांस ठाऊक नव्हतें. हें त्या विद्यापीठाचें न्यून असल्यासारखें आम्ही वागत होतों. वस्तुतः त्याची स्थापना 1829 सालची. त्या शहरांत बॉश व मर्सिडीज यांच्यासारखे कारखाने वाढले, आणि 1968 पासून तें मुंबईचें भगिनी-शहर आहे. हें सर्व आम्हांस मागाहून कळलें.

प्रथम भानावर आणलें तें हिशेबानें. एका रात्रीं जेवणें झाल्यावर आम्ही तिघे बंधु कागद घेऊन बसलों. अमेरिकेंतील फी व राहण्याचा खर्च मिळून दीड वर्षास सुमारें 1,25,000 डॉलर होत होते. डॉलरचा भाव 85 रुपये धरला तर ही रक्कम 1 कोटी 6 लाखांवर जाते. तिच्या नांवें बाजूस ठेवलेले 10 लाख होते. तेवढे खर्ची घातले तरी जवळजवळ कोटीचें कर्ज काढणें भाग होतें. दरसाल दरशेंकडा 10 व्याजानें 1 कोटीचें कर्ज 15 वर्षांत फेडावयाचें म्हणजे दरमहा सुमारें 1 लाख 7 हजारांचा हप्ता येतो व एकंदर 1 कोटी 93 लाख भरावे लागतात. शिकत असतांना चढणारें व्याज त्यांत धरलेलें नाहीं.

जर्मनींतील हिशेब निराळा. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठें परदेशीय विद्यार्थ्यांकडूनही शिक्षणाची फी घेत नाहींत. मात्र सर्वत्र तसें नाहीं. स्टुटगार्ट ज्या राज्यांत आहे त्या बाडेन-वुर्टेमबर्गमध्यें 2017 पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांस दर सहामाहीस 1,500 युरो द्यावे लागतात. शिवाय एका वर्षाच्या निर्वाहाची रक्कम, त्या वेळीं 11,904 युरो, आधींच एका खात्यांत ठेवावी लागे. त्यांतून दरमहा 992 युरो विद्यार्थ्याच्या हातीं येत. दोन वर्षांचा निर्वाह व चार सहामाह्यांची फी मिळून 29,808 युरो. भाव 95 रुपये धरून सवा अठ्ठावीस लाख. प्रवास व किरकोळ आकार मिळून 30 लाख. म्हणजे हेंही फुकट नव्हे! परंतु 10 लाख घरचे असतां कर्ज 20 लाखांचें राहतें. तेंच व्याज व 10 वर्षांची मुदत धरल्यास हप्ता दरमहा सुमारें 26,500 पडतो.

कोटीच्या कर्जास तारण काय द्यावयाचें, हा प्रश्न निघाला तेव्हां तिघेही गप्प झालों. तारण म्हणजे हें राहतें घर. त्या घरांत आम्ही अकरा माणसें राहतों. थोरल्या बंधूंचा नातू त्या वर्षीं दहावीस होता. तिच्या शिक्षणाकरितां घर गहाण पडलें तर दोन-तीन वर्षांनीं त्याची पाळी येईल तेव्हां बँकेपुढें काय ठेवावयाचें? एकत्र कुटुंबांत एका मुलावर होणारा खर्च हा नेहमीं दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्यांतून येत असतो. तो आनंदानें द्यावा, हेंच एकत्र राहण्याचें सार आहे. परंतु देतांना तो कोणाच्या वाट्यांतून जात आहे हें मोठ्यानें उच्चारलें पाहिजे; नाहीं तर दहा वर्षांनीं त्याचा उच्चार भलत्याच प्रसंगीं होतो.

तरीही थोरल्या बंधूंचें म्हणणें टाकाऊ नव्हतें, आणि तें येथें न सांगणें अन्यायाचें होईल. मोठ्या विद्यापीठाच्या नांवानें पहिलें दार लवकर उघडतें, तेथील सहाध्यायी पुढें जगभर पसरतात व एकमेकांस धरून असतात, आणि अमेरिकेंतील पगार जर्मनींतील पगाराहून बहुधा मोठे असतात. हें सर्व खरें आहे. परंतु नांवाविषयीं दोन प्रश्न विचारावे लागतात. तें नांव ज्या विभागानें मिळविलें त्याच विभागांत आपलें मूल जात आहे काय? आणि विद्यापीठ त्या मुलासाठीं स्वतः कांहीं सोडावयास तयार आहे काय? अमेरिकेंत डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यास पुष्कळदां फी माफ होऊन वर निर्वाहवेतन मिळतें. व्यवसायाभिमुख छोट्या अभ्यासक्रमांचा विद्यार्थी मात्र बहुधा सर्व फी स्वतः भरतो. नांव एकच असलें तरी हे दोन प्रवेश एक नव्हेत.

इतका खल झाला तरी जिला जावयाचें ती कांहीं बोलत नव्हती. विचारलें कीं, "काका, तुम्ही सगळे ठरवाल तें," एवढेंच तिचें उत्तर. आम्ही त्यास विनय समजत होतों. कोंडी फोडली ती आमच्या मातोश्रींनीं. त्यांचें वय चौऱ्यायशीं. त्या म्हणाल्या, "फी कळली, घर गहाण टाकायचं तेंही कळलं. पण पोर तिथं दिवसभर काय शिकणार, हें मला कोणी सांगेल का?"

तीन पदवीधर बंधूंपैकीं एकासही तें सांगतां येईना. मग तिला दोन्ही अभ्यासक्रम आणावयास सांगितलें. पहिला तिनें वाचून दाखविला: अर्थव्यवहार, प्रकल्पांचें नियोजन, निर्णयशास्त्र. दुसरा वाचतांना ती एका एका विषयाशीं थांबूं लागली. भूजल म्हणजे काय, खडकांतून पाणी कसें सरकतें, पाऊस किती पडला यावरून नदीला पाणी किती येईल याचें गणित कसें मांडतात, हें ती आजीस समजावून सांगूं लागली. आणि अर्ध्या तासानें आमच्या लक्षांत आलें कीं कागद बाजूस पडला आहे. शेवटीं आम्हींच विचारलें, "मग हें आधीं कां बोलली नाहींस?" ती म्हणाली, "काका, लोकांना सांगून झालं होतं ना तुमचं?"

त्या उत्तराची आम्हांस लाज वाटली. ज्या नांवासाठीं एवढें कर्ज काढावयास निघालों होतों, त्या नांवाची हौस मुख्यतः आमची होती. हप्ते तिनें फेडावयाचे, रोज आठ तास तो विषय तिनें शिकावयाचा, आणि शेजाऱ्यांस सांगावयाचें सुख आमचें!

या संदर्भांत आपल्या समाजांतील दोन उदाहरणें ध्यानांत घेण्याजोगीं आहेत. इरावतीबाई कर्वे यांनीं 1928 मध्यें मुंबईस समाजशास्त्राची एम. ए. पदवी घेतली, आणि त्याच वर्षीं त्या मानवशास्त्राच्या अभ्यासाकरितां बर्लिनला गेल्या. सासरे महर्षि कर्वे यांची या जाण्यास संमति नव्हती. पति दिनकरराव यांनीं आग्रह धरला, आणि पैसा जीवराज मेहता यांजकडून कर्जाऊ मिळाला. कर्ज काढणें वाईट नव्हे; विषयासाठीं काढलेलें कर्ज त्या घरास जड गेलें असें कोण म्हणेल? दुसरें उदाहरण डॉ. आंबेडकरांचें. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते 1913 मध्यें न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले व 1916 मध्यें लंडनला आले; परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळें 1917 मध्यें त्यांस अभ्यास अर्धवट टाकून परतावें लागलें. सिडनहॅम कॉलेजांत अध्यापन करून पैसा जमविल्यावर 1920 मध्यें ते पुन्हां गेले, आणि 1923 मध्यें लंडनची डी. एस्सी. त्यांस मिळाली. अशा अलौकिक बुद्धीच्या पुरुषासही पैसा मध्येंच तुटल्यानें तीन वर्षें थांबावें लागलें. सबब पहिल्या वर्षाची सोय झाली म्हणून निघूं नये. शेवटच्या महिन्यापर्यंतचा पैसा कोठून येणार, तें निघण्यापूर्वीं कागदावर असावें.

आमच्या घरीं अखेर स्टुटगार्ट ठरलें. तेथील अडचणीही आम्हीं तिच्यापुढें मांडल्या. वर्ग इंग्रजींत चालले तरी बाजारांत, कचेरींत आणि पुढें नोकरींत जर्मन भाषेवांचून निभाव लागणें कठीण. परीक्षा कडक, एखाद्या विषयांत ठराविक वेळां अनुत्तीर्ण झाल्यास तो अभ्यासक्रमच सोडावा लागतो. भारतीय विद्यार्थ्यांस कागदपत्रांच्या तपासणीचें प्रमाणपत्रही आधीं घ्यावें लागतें. उलट पक्षीं, विद्यार्थ्यास वर्षांतून 140 पूर्ण दिवस काम करण्याची मुभा आहे, व पदवीनंतर नोकरी शोधण्यास 18 महिने राहतां येतें. तिनें वैशाखापासून जर्मन भाषेची शिकवणी लावली आणि आश्विनांत ती गेली. सप्टेंबर 2025 मध्यें अमेरिकेनें परदेशीय नोकरदारांच्या कांहीं नव्या परवान्यांवर 1,00,000 डॉलरांचा आकार बसविला, तेव्हां स्नेही म्हणाले, "तुम्ही दूरदृष्टि दाखविलीत." तें खरें नव्हे. तो नियम आम्हांस कोठून ठाऊक असणार? नियम दोन्ही देशांत बदलत राहतील. विषय व कर्ज मात्र पदवीनंतरही बरोबर येतात, एवढेंच आम्हीं पाहिलें.

म्हणून वाचकांस आमची विनंति एवढीच कीं, या प्रश्नाचा क्रम उलटा लावूं नये. आधीं विषय: तो मुलास स्वतःच्या शब्दांत सांगतां येतो काय, हें पाहावें. मग पैसा: घर, म्हातारपणची शिल्लक व धाकट्या भावंडांचा वाटा यांस हात न लावतां किती देतां येईल, हें मुलास समोर बसवून सांगावें. या दोहोंत विद्यापीठें सारखीं ठरलीं तर नांवास जरूर मान द्यावा. आणि हवा तोच विषय मोठ्या नांवाच्या ठिकाणीं शिष्यवृत्तीसह मिळत असेल, तर तेथें जाऊं न देणें हाही तितकाच मोठा दोष होईल.

थोरल्या बंधूंस अजून कधीं कधीं त्या शिक्क्याची हळहळ वाटते, व ती ते लपवीत नाहींत. आम्हींही ज्या दोन स्नेह्यांस घाईनें सांगितलें होतें, त्यांस पुन्हां दूरध्वनि करून खरें काय तें सांगितलें. तें सांगतांना थोडें जड गेलें. परंतु कोटीच्या कर्जाहून तें पुष्कळच हलकें होतें. मातोश्री मात्र दर रविवारीं नातीशीं बोलतांना पहिला प्रश्न एकच विचारतात: "या आठवड्यांत काय शिकलीस?" नांवाच्या मोहांत आम्ही विचारावयास विसरलों तो प्रश्न हाच होता.