शाळेच्या कपाटाची किल्ली तुमच्या मोबाईलमध्ये!

मैत्रिणींनो, 'तुमच्या शाळेत वाचनालय आहे का?' असं विचारलं की 'आहे ना!' असं उत्तर चटकन मिळतं. पण 'मुलं तिथली पुस्तकं घरी नेतात का?' असं विचारलं की सगळे गप्प! बऱ्याच शाळांत स्वतंत्र ग्रंथपाल नसतो. ते काम तुमच्या-माझ्यासारख्या एखाद्या शिक्षिकेकडे येतं. पुस्तक हरवलं तर जाब आपल्याला. मग ठेवणीतल्या शालूसारखी पुस्तकं कुलपात राहतात आणि मुलं क्रमिक पुस्तकांपलीकडे काही न वाचताच शाळेबाहेर पडतात. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयांसाठी पाच नियम सांगितले. त्यातला पहिलाच असा, की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. ती वापरात आणायला आपला मोबाईल पुरेसा आहे.

आधी यादी करा

वाण्याची यादी करता ना, तशीच ही. मोबाईलवर गूगल शीट्स हे मोफत ॲप घ्या. रकाने आखा : दाखल क्रमांक, पुस्तकाचं नाव, लेखक, फळी, कोणी नेलं, नेल्याची तारीख, परत आल्याची तारीख. टाइप करायचा कंटाळा येत असेल तर कीबोर्डवर मराठी निवडा, माइकचं चित्र दाबा आणि नावं बोलत जा. काही शब्द चुकतात, तेवढे नंतर दुरुस्त करा. रोज मधल्या सुट्टीत वीस पुस्तकं केलीत, तरी पंधरा दिवसांत तीनशेंची यादी तयार!

एक गोष्ट विसरू नका. ही यादी स्वतःच्या नव्हे, शाळेच्या ईमेल खात्यावर करा. आपण शाळा सोडली तरी यादी शाळेत राहील. मुलांचे फोन नंबर मात्र त्यात लिहू नका. नाव आणि इयत्ता पुरे.

मग देवघेव

आठवड्यातला एक वार ठरवा. शनिवारी 'परत' हा रकाना रिकामा कुणाचा, एवढंच चाळून पाहा. कोणतं पुस्तक कुणाकडे आहे ते क्षणात कळतं. सातवी-आठवीच्या दोन मुलींना नोंदी शिकवा. बघा किती हौसेनं करतात!

पुस्तकं हजारोंनी असतील तर 'कोहा' ही ग्रंथालयासाठीची मोफत संगणक-प्रणाली आहे. ती बसवायला जाणकार मात्र लागतो. लहान शाळेला यादीच बरी.

फुकट, पण हक्काचं

नवी पुस्तकं घ्यायला पैसे नाहीत? 'प्रथम बुक्स' या संस्थेचं 'स्टोरीवीव्हर' २०१५ पासून इंटरनेटवर आहे. तिथे मराठीतल्या सचित्र गोष्टी वाचनाच्या चार पातळ्यांनुसार लावलेल्या आहेत. लेखक-चित्रकारांची नावं कायम ठेवून त्या छापायला, वाटायला परवानगी आहे. 'किशोर' मासिक १९७१ मध्ये सुरू झालं. त्याचे जुने अंकही बालभारतीनं इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत.

शाळेत रेंज नसते, म्हणून गोष्टी घरूनच उतरवून न्या. एका मोबाईलभोवती चाळीस मुलं मावत नाहीत. शाळेत टीव्ही असेल तर मोबाईल त्याला जोडा, नाहीतर चार पानं छापून गटागटात द्या.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या नव्या पुस्तकांच्या फाइली मात्र वाटू नका. लेखक हयात असेपर्यंत आणि त्यानंतर साठ वर्षं पुस्तकावर हक्क असतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून 'श्यामची आई' आता सर्वांना मोकळी आहे.

तुम्ही शिकवत नसाल, तरी पालक सभेत हा विषय काढा आणि यादीसाठी दोन दुपार द्या. एखादं पुस्तक फाटेल, एखादं हरवेलही. पण कुलपात राहून वाळवीनं खाल्लेलं पुस्तकसुद्धा गेलेलंच असतं, नाही का?